शंका-समाधान : मेंदू उलगडला म्हणजे जाणीव उलगडली का?

जाणीव, भूल आणि बेशुद्धी यांविषयी नागपूर आणि परिसरातून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरे भूलशास्त्र, मेंदूविकार आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आमच्या मंडळाने मिळून दिली आहेत. जिथे मंडळात एकमत झाले नाही, तिथे तसे लिहिले आहे.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. मेंदूतल्या प्रत्येक पेशीचा नकाशा हाती आला, तर माणसाच्या जाणिवेचा संपूर्ण उलगडा होईल का? हो की नाही, एका शब्दात सांगा.
– धरमपेठ

उत्तर : एका शब्दात जमणार नाही, दोन वाक्यांत सांगतो. भान केव्हा असते, केव्हा जाते आणि मेंदूचा कोणता भाग बिघडला की नेमके काय हरवते, हे मेंदूविज्ञान सांगू शकते आणि त्यातले बरेच सांगून झाले आहे. पण या विद्युत-रासायनिक घडामोडींसोबत मुळात काही ‘जाणवते’ का, हे आजच्या पद्धतींनी सुटणारे नाही, कारण त्या सगळ्या पद्धती शेवटी माणसाने दिलेल्या कबुलीवर उभ्या आहेत.

आधी नकाशाचे बघू. एका सूक्ष्म गोलकृमीच्या अवघ्या 302 चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा 1986 साली छापून आला. तरी तो कृमी पुढच्या क्षणी काय करील, हे निव्वळ नकाशावरून आजही खात्रीने सांगता येत नाही. 2024 मध्ये फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा, सुमारे 1 लाख 39 हजार चेतापेशींचा नकाशा आला. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे 86 अब्ज आहेत. नकाशात जोडण्या दिसतात. कोणती जोडणी या घडीला किती जोरात चालते आहे आणि कोणते रसायन तिला दाबते आहे, हे त्यात नसते.

आता कबुलीचे. जाणिवेवरचा ठरावीक प्रयोग असा : पडद्यावर इतके पुसट चित्र दाखवायचे की ते कधी दिसेल, कधी दिसणार नाही. दिसले की माणसाने कळ दाबायची. मग ‘दिसले’ आणि ‘नाही दिसले’ या दोन वेळांच्या मेंदूच्या नोंदी शेजारी ठेवून फरक शोधायचा. हाती लागतो तो मेंदूतली हालचाल आणि माणसाचे सांगणे यांच्यातला संबंध. तो खराखुरा आणि उपयोगाचा असतो, पण कारण सांगत नाही.

यावर आशावादी मंडळींचे उत्तर ठरलेले आहे : उष्णतेचेही सुरुवातीला असेच होते. हाताला लागणारे गरम-गार हाच आधार होता, मग तापमापी आली, पुढे रेणूंच्या हालचालीचा सिद्धान्त आला आणि हाताची गरज संपली. युक्तिवाद चांगला आहे. अडचण एवढीच की उष्णतेच्या अभ्यासात ‘हाताला कसे लागते’ हा भाग बाजूला ठेवूनच भौतिकशास्त्र पुढे गेले. जाणिवेच्या अभ्यासात तोच भाग बाजूला ठेवला, तर अभ्यास कशाचा करायचा?

ही अडचण तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी 1990 च्या दशकात ठळकपणे मांडली. 1998 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी त्यांच्याशी पैज लावली, की 25 वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. 2023 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला कॉख यांनी हार मानून चाल्मर्सना वाइनच्या बाटल्या दिल्या. त्याच सुमारास दोन प्रमुख सिद्धान्तांची आमनेसामने कसोटी लागली. एकाच्या मते मेंदूच्या पुढच्या भागातून माहिती सगळीकडे प्रसारित झाली की जाणीव होते. दुसऱ्याच्या मते मागच्या भागातले घट्ट परस्परजाळे हीच जाणीव. दोन्ही बाजूंनी आपापली भाकिते आधीच लिहून दिली होती. 256 जणांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. मागच्या भागात जी दीर्घकाळ टिकणारी एकतालता दिसायला हवी होती, ती दिसली नाही. चित्र पडद्यावरून जाताना पुढच्या भागात जो उसळा यायला हवा होता, तोही बहुतांशी आला नाही. आमच्या मते ही या शास्त्राची चांगली बातमी आहे. आपण कुठे चुकलो, हे दाखवणारा प्रयोग या विषयात फार उशिरा आला.

प्रश्न : मे महिन्यात बांधकामावरचे मजूर उन्हाने बरळायला लागतात, मग कोसळतात. उन्हाने भान जाते म्हणजे मेंदूत नेमके काय होते? आणि तेव्हा काय करायचे?
– वाठोडा

उत्तर : आधी काय करायचे ते. शरीराच्या आतले तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर आणि सोबत बरळणे, झटके किंवा बेशुद्धी, म्हणजे उष्माघात. नुसता थकवा, घाम आणि पेटके असतील पण माणूस नीट बोलत असेल, तर ती त्याआधीची पायरी. बोलण्यात गोंधळ आला की 108 ला फोन लावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. सावलीत न्या, कपडे काढा, अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान 39 च्या खाली आणणे हे उद्दिष्ट. ओलावा आणि वारा दोन्ही लागतात. ओले फडके अंगावर टाकून वर चादर पांघरली तर उलट उष्णता कोंडते.

चुका ठरलेल्या आहेत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा पन्हे ओतले तर ते फुप्फुसात जाते. पॅरासिटामॉलचा उपयोग नसतो : तापात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो आणि गोळी ती खाली आणते, उष्माघातात ती पातळी बदललेलीच नसते. काखेतला थर्मामीटर खरा आकडा कमी दाखवतो, त्यावर विसंबू नका. खिशातल्या कांद्याने अपाय नाही आणि उपायही नाही.

मेंदूत काय होते, तर एकाच वेळी बरेच काही. घाम आणि त्वचेकडे वळलेले रक्त यांमुळे मेंदूचा रक्तपुरवठा घटतो, आतड्यातील जिवाणूंची विषारी द्रव्ये रक्तात झिरपून दाह वाढतो आणि तापलेल्या पेशींतली रसायने बिघडतात. आपल्या विषयासाठी खरी गंमत पुढे आहे. उष्माघातातून वाचलेल्या काही जणांचे भान पूर्ण परत येते, पण चालताना तोल जातो आणि बोलणे अडखळते, ते कायमचे. कारण तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतील पुर्किंजे पेशी उष्णतेला फार नाजूक असतात. मेंदूच्या 86 अब्ज चेतापेशींपैकी सुमारे 69 अब्ज या लहान मेंदूत आहेत, तरी तो बिघडल्याने जाणीव जात नाही. लहान मेंदूच नसलेली माणसेही जन्मतात आणि ती जागी, बोलती असतात. उलट मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात किंवा थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागातल्या केंद्रात दोन्ही बाजूंना छोटीशी इजा झाली तरी माणूस कोमात जातो. जाणीव पेशींच्या संख्येवर ठरत नाही, त्यांच्या मांडणीवर ठरते, हे इथे स्पष्ट दिसते.

प्रश्न : आईच्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे, पूर्ण भूल देणार म्हणतात. मध्येच जाग आली तर? ती शुद्धीत आहे की नाही, हे डॉक्टरांना कळते कसे?
– मानेवाडा

उत्तर : सहसा प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध शिरेतून देतात. प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.5 ते 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईंना साधारण 90 ते 150 मिलिग्रॅम. वय जास्त असेल तर कमी. मिनिटाच्या आत माणूस निजतो. मेंदू ‘बंद’ होत नाही. चेतापेशींना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम हे औषध वाढवते आणि मेंदूच्या दूरदूरच्या भागांचे आपसातले बोलणे तुटते. कानाकडून आलेला संदेश श्रवणकेंद्रापर्यंत पोहोचतो, पण पुढे पसरत नाही.

शुद्ध जोखायला भूलतज्ज्ञ रक्तदाब, नाडी आणि श्वासातील भुलीच्या वायूचे प्रमाण पाहतात. काही ठिकाणी कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून 0 ते 100 असा आकडा काढणारे यंत्रही असते. 40 ते 60 ही ऑपरेशनची पातळी मानतात. पण हे यंत्र जाणीव मोजत नाही. पूर्वी ज्यांनी प्रतिसाद दिला आणि ज्यांनी दिला नाही, त्यांच्या लहरींशी तुमच्या आईच्या लहरी जुळवून ते अंदाज देते. म्हणून ते फसते. केटामाइन या भुलीच्या दुसऱ्या औषधाने माणूस गुंगीत असताना आकडा वर राहतो. उलट पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना फक्त स्नायू शिथिल करणारे औषध दिले, तेव्हा आकडा 60 च्याही खाली आलेला आहे. यंत्र कपाळाच्या स्नायूंची हालचालही मोजत होते आणि स्नायू गप्प झाल्यावर त्याला वाटले, माणूस निजला.

यापेक्षा भरवशाची एक जुनी युक्ती आहे. स्नायू शिथिल करणारे औषध देण्याआधी एका हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवायचा, म्हणजे औषध त्या हातात पोहोचत नाही आणि तो हलू शकतो. मग कानाशी सांगायचे, ऐकू येत असेल तर हात दाबा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील 260 रुग्णांच्या अभ्यासात श्वासनलिकेत नळी घातल्यावर 12 जणांनी हात दाबला. नंतर आठवण मात्र सहसा उरत नाही. ऑपरेशनमधले आठवते असे स्वतःहून सांगणारे रुग्ण ब्रिटनच्या मोठ्या पाहणीत सुमारे 19 हजारांत एक निघाले, आणि त्यातही स्नायू शिथिल करणारे औषध दिलेलेच बहुतेक. तेव्हा अनुभव आला पण आठवला नाही, की आलाच नाही? हात दाबणाऱ्यांना आला होता असे म्हणायला जागा आहे. न दाबणाऱ्यांबद्दल कोणतेही यंत्र शपथेवर सांगू शकत नाही.

तुमच्या कामाचे : आईला पूर्वी ऑपरेशनमध्ये जाग आली असेल, रोजची झोपेची किंवा वेदनेची गोळी असेल, जोरात घोरण्याचा त्रास असेल, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. घट्ट जेवणानंतर किमान 6 तास आणि पाण्यानंतर 2 तास उपाशी ठेवा. चहात दूध असते, तो पाण्यात धरू नका.

प्रश्न : वर्धा रोडवरच्या अपघातानंतर भाऊ नऊ दिवस आयसीयूत आहे. डोळे उघडतो, पण ओळखत नाही. ‘आता काही राहिले नाही’ असे एकाने सांगितले, दुसऱ्याने ‘थांबा’ म्हटले. कोणाचे ऐकायचे?
– नंदनवन

उत्तर : थांबा म्हणणाऱ्याचे. मार लागून आलेल्या या अवस्थेत नऊ दिवसांत शेवटचा निर्णय देता येत नाही. सुधारणा कित्येक महिन्यांनीही होते. म्हणूनच ‘कायमची’ हा शब्द अमेरिकेतील तज्ज्ञांच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी काढून टाकला.

कोमा मोजायची 3 ते 15 गुणांची ग्लासगो पद्धत तातडीच्या वेळी चांगली, पण डोळे उघडल्यानंतर तिची धार बोथट होते. पुढच्या तपासणीसाठी 23 गुणांची वेगळी श्रेणी आहे. ऐकणे, पाहणे, हालचाल, तोंडाची हालचाल, संवाद आणि जागेपणा, असे तिचे सहा भाग. एका तपासणीवर थांबू नये. दोन आठवड्यांत निदान पाच वेळा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करावी. 2009 च्या एका अभ्यासात ‘भान नाही’ असे सर्वानुमते ठरलेल्या 44 रुग्णांपैकी 18 जणांत या श्रेणीने जाणिवेच्या खुणा सापडल्या. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, वेळ लागतो.

तुम्हाला करण्याजोगे असे. हातात मावणारा आरसा चेहऱ्यासमोर 10-15 सेंटिमीटरवर धरा आणि हळूहळू डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली न्या. माणसे बोटापेक्षा स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर लवकर फिरवतात. एकच सोपी सूचना द्या, 10 सेकंद थांबा, चारदा करा. घरी ज्या बोलीत बोलता त्याच बोलीत सांगा. वऱ्हाडीत वाढलेल्या माणसाला वॉर्डातली पुस्तकी मराठी किंवा हिंदी तेवढी पोहोचत नाही. ‘हात दाब’ हा खरा पुरावा नव्हे, तळहाताला स्पर्श झाला की मूठ आपोआप वळते. ‘सोड’ म्हटल्यावर सोडतो का ते बघा. ‘वर बघ, खाली बघ’ हे नक्की विचारा. मस्तिष्कस्तंभाच्या एका प्रकारच्या इजेत माणूस पूर्ण भानावर असतो आणि फक्त डोळे वर-खाली व पापण्या हलवू शकतो. वेळ, सूचना आणि प्रतिसाद एका वहीत लिहा, ‘काही नाही’ हेही लिहा.

प्रतिसाद न येण्याची साधी कारणे डॉक्टरांसोबत एकेक करून तपासा : झोपेचे औषध चालू आहे का, सोडियम कमी आहे का, बाहेरून न दिसणारे झटके आहेत का (त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची नोंद), कानात मळ किंवा रक्त साचले आहे का, हाड मोडल्याने हात हलवणेच अशक्य आहे का, भाषेच्या केंद्राला मार आहे का.

2006 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या गटाने, बाहेरून काहीही प्रतिसाद न देणाऱ्या 23 वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये ‘टेनिस खेळतेस असे मनात आण’ असे सांगितले, आणि तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल दिसली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आज्ञेला दृश्य प्रतिसाद नसलेल्या 241 जणांपैकी 60 जणांत अशी झाकलेली जाणीव आढळली. ही चाचणी नेहमीच्या रुग्णालयात होत नाही. आणि तिचेही उत्तर एकाच बाजूला पक्के असते. प्रतिसाद दिसला तर माणूस आत आहे. दिसला नाही, तर तो झोपेत असेल, ऐकू येत नसेल, किंवा त्याला जमले नसेल.

प्रश्न : आपण ठरवण्याआधीच मेंदू ठरवतो, हे सिद्ध झाले आहे ना? मग स्वेच्छा वगैरे भ्रमच.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बजाजनगर

उत्तर : सिद्ध झालेले नाही. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या 1983 च्या प्रयोगात मनगट हलण्याच्या सुमारे 550 मिलिसेकंद आधी मेंदूत हळूहळू चढणारी लहर दिसली आणि ‘आता हलवावे’ असे वाटल्याची वेळ सुमारे 200 मिलिसेकंद आधीची निघाली. ही दुसरी वेळ आली कुठून? माणसाने फिरत्या ठिपक्याच्या घड्याळाकडे बघून सांगितलेली. इतक्या सूक्ष्म क्षणाच्या सांगण्यावर मोठा निकाल उभा करणे धाडसाचे आहे. शिवाय 2012 मध्ये आरॉन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की मेंदूतले नेहमीचे चढउतार योगायोगाने उंबरठा ओलांडतात तेव्हा हालचाल होते असे धरले, आणि त्या क्षणापासून मागे जाऊन सरासरी काढली, तर हुबेहूब तशीच चढती लहर मिळते. ती लहर म्हणजे ‘निर्णय झाला’ असेच नव्हे.

प्रश्न : सांधेदुखी बरी करण्याचा दावा करणारे ‘क्वांटम चेतना’ शिबिराचे पत्रक सोबत जोडले आहे. यात तथ्य आहे का?
– सीताबर्डी

उत्तर : पैसे वाचवा. पेशींतील सूक्ष्मनलिकांत क्वांटम, म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या, घडामोडींमुळे जाणीव होते, अशी कल्पना भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी मांडली आहे, आणि ती गंभीरपणे वादात आहे. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी 2000 मध्ये हिशेब केला, की मेंदूच्या उबेत अशी नाजूक अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकीही जेमतेम टिकेल. चेतापेशींचा व्यवहार मिलिसेकंदांत चालतो. तो हिशेब कोणाला मान्य असो वा नसो, पत्रकातल्या सांधेदुखीशी यांपैकी कशाचाही संबंध नाही.

प्रश्न : आम्ही बौद्ध. आत्मा मानत नाही. मग मेंदूविज्ञानाला जाणिवेचा उलगडा झाला नाही, म्हणजे मागच्या दाराने आत्मा परत आला, असे काही लोक म्हणतात. तुमचे मत?
– दीक्षाभूमीजवळून एक वाचक

उत्तर : उलगडा न होणे हा आत्म्याचा पुरावा नाही. विजेचा उलगडा झाला नव्हता तेव्हाही ती इंद्राची नव्हती. उलट मेंदूत जराशी इजा, थोडे औषध किंवा मिनिटभराचा प्राणवायूचा तुटवडा जाणिवेचा जो भाग घेऊन जातो, ते पाहता शरीरापासून सुटी, अविकारी जाणीव मानणाऱ्यांनाच जास्त उत्तरे द्यावी लागतात. रक्तपुरवठा पूर्ण थांबला की सहा-सात सेकंदांत शुद्ध जाते.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. चार्वाकांचे म्हणणे होते, की किण्वापासून (आंबवणाऱ्या पदार्थापासून) मद्यशक्ती यावी तसे चार महाभूतांच्या संयोगातून चैतन्य येते. मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथात साती नावाचा भिक्खू म्हणतो, तेच ते विज्ञान (इथे अर्थ जाणीव, सायन्स नव्हे) जन्मोजन्मी फिरते. बुद्ध त्याला खडसावतात. डोळा आणि रूप यांच्यामुळे उत्पन्न होते ते चक्षुर्विज्ञान. प्रत्यय, म्हणजे कारण, नसेल तर विज्ञान उत्पन्न होत नाही. लाकडामुळे पेटला तो लाकडाचा अग्नी, गवतामुळे पेटला तो गवताचा. जाणीव ही वस्तू नसून कारणांवर अवलंबून घडणारी क्रिया आहे, हे म्हणणे आजच्या भूलशास्त्राला अनोळखी वाटणार नाही.

इथे मंडळात मतभेद आहे. एका सदस्याच्या मते ‘जाणवते का?’ हा प्रश्नच ‘जाणणारा’ कोणीतरी गृहीत धरतो, म्हणून तो सोडवायचा नसून सोडून द्यायचा आहे. बाकीच्यांना हे पटत नाही. जाणणारा काढला तरी दातदुखी राहतेच, आणि ती का दुखते हा प्रश्नही.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांना जाणीव या विषयावर वर्गात करता येईल असा एखादा प्रयोग सांगा. प्रयोगशाळा नाही.
– शिक्षिका, हिंगणा

उत्तर : लाल आणि निळा जिलेटीन पेपर आणा, इतवारीत किंवा कुठल्याही स्टेशनरीत मिळेल. पुठ्ठ्याचा चष्मा कापून डाव्या डोळ्यावर लाल आणि उजव्यावर निळा, प्रत्येकी दोन-दोन थर लावा. पांढऱ्या कागदावर 2 सेंटिमीटरचा चौकोन आखा. त्यात लाल स्केचपेनने 2 मिलिमीटर जाडीच्या उभ्या रेघा आणि त्यांवरूनच निळ्या पेनने तितक्याच जाड आडव्या रेघा काढा. मध्ये एक काळा ठिपका. कागद 40 सेंटिमीटरवर धरून नजर ठिपक्यावर ठेवायची.

लाल कागदातून लाल रेघा पुसट होतात आणि फक्त आडव्या उरतात. निळ्यातून फक्त उभ्या. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे मिळतात. तरी चौकडी दिसत राहत नाही. काही सेकंद उभ्या, मग काही सेकंद आडव्या, असे आपोआप पालटत राहते. कागद तोच, उजेड तोच, डोळ्यावर पडणारे चित्र तेच, बदलते ते फक्त दिसणे. म्हणूनच संशोधकांना हा प्रकार प्रिय आहे. तरफ ओढून ‘काय दिसते’ ते सांगायला शिकवलेल्या माकडांवर मेंदूशास्त्रज्ञ निकोस लोगोथेटिस यांच्या गटाने 1990 च्या दशकात हेच केले. दृष्टीच्या पहिल्या केंद्रातल्या मोजक्याच पेशी माकडाच्या सांगण्यानुसार बदलत होत्या, आणि वस्तू ओळखणाऱ्या पुढच्या भागातल्या बहुतेक सगळ्या. पुढे माणसांवर प्रयोग झाले तेव्हा कळ दाबायला न लावता नुसत्या डोळ्यांच्या हालचालीवरून पालट ओळखला. तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातली हालचाल बरीच कमी दिसली. आधी जी जाणिवेची खूण वाटत होती, तिच्यातला मोठा वाटा सांगण्याच्या खटपटीचा होता.

वर्गात बिघडते ते असे. चौकोन मोठा काढला तर उभ्या-आडव्या रेघांचे ठिगळ दिसते. एकच थर लावला तर दोन्ही रेघा दोन्ही डोळ्यांना दिसतात. ज्या मुलाचा एक डोळा बराच अधू आहे, त्याला एकच चित्र टिकून दिसेल. त्याला हसू देऊ नका, पालकांना नेत्रतपासणी सुचवा. आणि काय दिसणार आहे, हे आधी फळ्यावर लिहू नका. प्रत्येकाने एक मिनिट, दिसणे पालटले की कागदावर एक रेघ मारायची, शेजाऱ्याचा कागद न बघता. आकडे गोळा झाले की मगच चर्चा करा.